पाच कोंबड्या, तीन कोंबडे: कुणाला ठेवू, कुणाला काढू?

पहिलटकरीण

नमस्कार. कोंबड्या पाळायची ही माझी पहिलीच खेप, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

पाच महिन्यांपूर्वी आठ पिल्लं आणली. देणाऱ्याने "सगळ्या तलंगाच आहेत, डोळे झाकून न्या" म्हणून सांगितलं (तलंगा म्हणजे कोवळ्या माद्या) आणि मी खरोखरच डोळे झाकून नेली. दोन महिन्यांची होईपर्यंत तिघांचे तुरे लालबुंद, बाकीच्यांचे फिके. मी म्हटलं, या तिघी अंगाने धरल्यात. मग एका सकाळी त्यातल्या एकीने मान ताणून गंजक्या बिजागरीसारखा आवाज काढला. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

आता परिस्थिती अशी. भुऱ्या थोराड, सगळ्यांच्या आधी आरवतो. राजा माझा लाडका, मांडीवर येऊन बसतो, हातातून दाणे खातो. गप्प्या नावाप्रमाणे गप्प, मी गेले की लांब जाऊन उभा राहतो. आणि पाच तलंगा, त्यातल्या दोघींनी नुकतीच अंडी द्यायला सुरुवात केली आहे.

गेल्या पंधरा दिवसांत या तिघांनी नुसता उच्छाद मांडलाय. खुराड्याचं दार उघडलं की तिघे बाहेर दबा धरून उभे. पहिली कोंबडी उतरली की तिच्यामागे तिघेही. चांदणी नावाच्या कोंबडीची पाठ पार बोडकी झालीय. दोघी तर दुपारपर्यंत दांडीवरून खालीच येत नाहीत. खुराडं ६ बाय ५ फुटांचं, बाहेरचं जाळीचं आवार १० बाय ८ फुटांचं.

कोंबडे काढले तर अंडी थांबतील का? तिघांना ठेवून काही जमेल का? आणि एकच ठेवायचा तर राजालाच ठेवावा असं मनात आहे.

घारनजर

पहिल्याचं उत्तर: नाही थांबणार. कोंबडी अंडं देते त्याला कोंबडा लागत नाही. कोंबडा लागतो तो पिल्लांसाठी.

दुसऱ्याचं: नाही.

तिसऱ्यावर जाणकार बोलतील.

वाकडी_चोच

"सगळ्या तलंगाच आहेत" हे वाक्य ऐकून आणलेल्या पिल्लांत एकही कोंबडा न निघालेला माणूस मला दाखवा, मी त्याच्या खुराड्याचं शेण महिनाभर काढतो.

राखणदार

ताई, तुमच्या कोंबड्यांत दोष नाही, हिशोबात आहे. एका कोंबड्यामागे आठ ते दहा कोंबड्या हा साधारण मेळ. हलक्या, चपळ जातीचा असेल तर बारापर्यंत. तुमच्याकडे एका कोंबड्यामागे दोनसुद्धा पुऱ्या येत नाहीत. तिघांची भूक पाच जणींच्या पाठीवर निघतेय.

त्यात वय आलं. पाच महिन्यांचा कोंबडा म्हणजे मिसरूड फुटलेलं पोर. अंगात रग आलेली असते, रीत आलेली नसते. मुरलेला कोंबडा आधी एक पंख जमिनीला घासत कोंबडीभोवती अर्धं रिंगण घालतो, दाणा दाखवून बोलावतो, ती बसली तर चढतो, नाही बसली तर नाद सोडतो. पोरगा यातलं काही करत नाही. पळत जातो, मानेची पिसं चोचीत धरतो, झालं. आणि कोंबडे तलंगांच्या आधी वयात येतात, म्हणजे यांची घाई सुरू होते तेव्हा त्या बिचाऱ्या तयारही नसतात. ज्या दोघी अंड्यावर आल्यात त्यांच्या पाठीवर हात ठेवून बघा, पंख थोडे फाकवून जमिनीसरशी बसतील. बाकीच्या तिघी पळतील.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तुमच्या कळपात मोठं माणूस नाही. सगळी एकाच वयाची पिल्लं. जिथे दोन वर्षांच्या खमक्या कोंबड्या असतात तिथे असल्या पोराने मागून उडी मारली की ती गर्रकन वळून त्याच्या तुऱ्यावर अशी चोच हाणते की पुढच्या वेळी तो विचारून येतो. माझ्याकडे एक लंगडी म्हातारी होती, तिने चार कोंबड्यांना वळण लावलं. तुमच्या कळपात हे काम करायला कुणी नाही, म्हणून ते तुम्हाला करावं लागणार. उद्या सकाळी नव्हे, आज संध्याकाळी अंधार पडला की दांडीवरून दोघांना उचला आणि वेगळे ठेवा. अंधारात ते मुकाट हातात येतात.

वेगळे म्हणजे कोंबड्या दिसणारही नाहीत असे. मधे नुसती जाळी असेल तर दोघे जाळीपाशी उभे राहून एकमेकांची डोकी फोडतील. कोंबड्या नजरेआड असल्या तर एकत्र वाढलेले कोंबडे बहुधा नुसते मानेची पिसं फुलवून उभे राहतात आणि मग दाणे टिपायला लागतात.

पहिलटकरीण

आत्ताच टॉर्च घेऊन जाऊन आले. भुऱ्या आणि गप्प्या जुन्या लाकडी पिंजऱ्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला. राजा कोंबड्यांबरोबर. भुऱ्याने उचलताना हूं की चूं केलं नाही, मला वाटलं होतं ओरबाडेल.

टाके_आणि_टोचणी

पशुवैद्य आहे, पण पक्षी समोर नसताना जेवढं सांगता येतं तेवढंच सांगते.

चांदणीला हातात घ्या आणि पाठ बघून थांबू नका, पंख उचलून कुशी बघा. पाठीची उडालेली पिसं दिसतात, कुशीची चीर पिसांखाली झाकलेली असते. कोंबडा चढतो तेव्हा तोल सांभाळायला पाय झाडतो आणि नखांनी तिथली कातडी फाटते. वय वाढलेल्या कोंबड्याच्या पायामागचा काटा वाढलेला असेल तर फारच खोल. चीर असेल तर मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडी करा, माश्या बसू देऊ नका आणि तिला वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्याच टोचून टोचून जखम वाढवतात, हे नवख्यांना ठाऊक नसतं. कातडी उघडी पडून आत मांस दिसत असेल तर घरगुती उपाय थांबवा आणि जवळच्या दवाखान्यात न्या.

पिसांचंही सांगते. पीस मुळासकट उपटलं असेल तर त्या जागी काही आठवड्यांत नवं येतं. मधेच मोडून खुंट आत राहिला असेल तर पुढची पिसं झडायची वेळ येईपर्यंत तिथे काही येत नाही. त्यामुळे कोंबडा काढल्यावरही पाठ बोडकीच राहिली म्हणून घाबरू नका. तोवर पाठीवर जाड कापडाची झूल घालता येते, दोन्ही पंखांखालून इलॅस्टिक जातं. आठवड्यातून एकदा झूल काढून खाली उवा-पिसवा झाल्यात का ते बघायचं, नाहीतर इलाजाचाच आजार होतो.

आता खाद्य. अंड्यावर आलेल्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं. वाढत्या पक्ष्याला त्याच्या पावपटीतच भागतं, जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडावर येतं. तुमच्या तिघी अजून अंड्यावर नाहीत आणि कोंबडा तर कधीच येणार नाही. म्हणून सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. जिला कवच घडवायचंय ती जाऊन खाते. मोठे कोंबडे वर्षानुवर्षं अंड्याच्या खाद्यावर ठणठणीत राहिलेलेही पाहिलेत, पण पोरवयात तो प्रयोग नको.

आजीचं_खुराडं

मुली, कोंबडा निवडायचा तर त्याला दाणा टाकून बघ. मूठभर दाणे टाकायचे आणि लांब बसायचं. जो स्वतः आधी गिळतो तो हावरट. जो चोचीत दाणा उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो आणि टुक टुक टुक करून कोंबड्यांना हाका मारतो, तो घरधनी. तो स्वतः शेवटी खातो. असा कोंबडा अंगाने बारीक राहतो, तेव्हा त्याच्यासाठी दाणा वेगळा ठेवावा लागतो एवढंच.

आणि आभाळाकडे एक डोळा करून बघतो का ते बघ. घार दिसली की एक लांब, बारीक आवाज काढतो, सगळ्या जागच्या जागी दबतात. कुत्रं-मांजर दिसलं की वेगळं, कटकट-कटाक. दोन्ही आवाज कोंबड्यांना कळतात. आपल्यालाही कळायला लागतात वर्षभरात.

राजा मांडीवर बसतो म्हणालीस. मला नाही ते आवडलं. कोंबडी मांडीवर बसली तर गुण, कोंबडा बसला तर काळजी.

पहिलटकरीण

आजी, असं का हो? पिल्लू होता तेव्हापासून मीच वाढवलाय त्याला. तीन दिवस बघतेय, बाकी दोघे गेल्यापासून पळापळ निम्म्याने कमी झालीय.

राखणदार

आजींचं बरोबर आहे. कोंबड्याच्या डोक्यात जग दोन प्रकारचं: ज्याला भ्यायचं ते आणि ज्याला भिववायचं ते. लाडाने तुम्ही स्वतःला पहिल्या खान्यातून काढलंत. तो वयात आला की तुम्हाला कळपातला दुसरा कोंबडा समजून जोखायला लागेल. सगळेच असे निघतात असं नाही, जातीवर आणि रक्तावरही असतं. पण मला पैज लावायला सांगाल तर मी गप्प्यावर लावेन. लांब उभा राहतो, म्हणजे माणसाचा आब राखतो.

घारनजर

सहमत नाही. माझा हातावर वाढलेला कोंबडा सात वर्षं झाली, आजवर चोच लावलेली नाही. उलट बुजरे कोंबडे पकडायला गेलं की घाबरून उलटतात. ठेवा राजाला.

आजीचं_खुराडं

सात वर्षांत एक पाळलास. मी किती पाळले ते मोजलेच नाहीत.

वाकडी_चोच

घारनजर, या प्रतिसादावर मलमपट्टी करून घ्या, कुशीत चीर असेल तर टाकेबाईंना दाखवा.

निद्रानाश

मी कोंबड्या पाळत नाही. माझ्या भिंतीपलीकडचे पाळतात. कोंबडा पहाटेच का ओरडतो आणि पहाट नसतानाही का ओरडतो, एवढं कुणी सांगेल का? प्रश्न जुना आहे, झोप नवी हवी आहे.

तुरेवाला

त्याच्या अंगातच घड्याळ आहे. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून पाहिलं, तरी ते दिवसाकाठी ठरल्या सुमाराला आरवत राहिले. म्हणजे उजाडलं म्हणून आरवतो असं नाही, उजाडणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटतंच, आणि या अभ्यासावरून झाकलेलं कोंबडंही आरवतंच! बाकी दिवसभराचं आरवणं म्हणजे दुसऱ्या आवाजाला, गाडीच्या दिव्याला, शेजारच्या कोंबड्याला दिलेलं उत्तर.

गंमत पुढे आहे. २०१५ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की एका गटात आधी सगळ्यात वरचढ कोंबडा आरवतो, बाकीचे मानाप्रमाणे थांबून त्याच्यामागून. वरच्याला काढलं की दुसऱ्या नंबरचा सुरू करतो. पहिलटकरीण ताईंनी लिहिलंय ना, भुऱ्या सगळ्यांच्या आधी आरवतो. तेच.

कोंबड्यांमधली ही मानाची उतरंड सगळ्यात आधी नीट मांडली नॉर्वेच्या थॉर्लेफ शेल्डरूप-एब्बे यांनी. लहानपणापासून ते कोंबड्यांवर नजर ठेवून असत, कोण कुणाला टोचते आणि कोण मुकाट सोसते. १९२२ मध्ये त्यावर त्यांचा जर्मन भाषेत लेख आला. माद्यांची उतरंड वेगळी आणि नरांची वेगळी. म्हणून कुणाला आत-बाहेर केलं की सगळी उतरंड नव्याने लागते आणि आठ-पंधरा दिवस टोचाटोची होते. उगाच रोज अदलाबदल करू नये ती यासाठी.

निद्रानाश

म्हणजे पलीकडच्यांनी कोंबडा काढला तर दुसरा सुरू करणार. आभारी आहे.

नवा_खुराडेकर

मधेच विचारतो. कोंबडा असला की अंडी फलित होतात, ती खायला चालतात का? आणि कोंबडा काढल्यावर किती दिवस फलित अंडी येतात?

टाके_आणि_टोचणी

चालतात. रोजच्या रोज गोळा केलेल्या फलित अंड्यात पिल्लू नसतं. फोडल्यावर बलकावर पांढरा ठिपका दिसतो तो प्रत्येक अंड्यात असतो, फलित अंड्यात त्याला कडेने रेखीव कडं दिसतं, इतकाच फरक. उब मिळाल्याशिवाय पुढे काही होत नाही. कडक उकाड्यात मात्र दोन-तीन दिवस खोक्यात पडू देऊ नका, तेवढ्यानेही अर्धवट सुरुवात होते. पूर्ण पिल्लाला ३७.५ अंशांच्या आसपासची उब आणि २१ दिवस लागतात.

दुसरं: कोंबडीच्या अंगात नराचं बीज साठवायच्या बारीक नळ्या असतात. कोंबडा गेल्यावर साधारण दोन आठवडे, कधी तीन आठवडेही फलित अंडी येऊ शकतात. म्हणून ठरावीक कोंबड्याचीच पिल्लं हवी असतील तर जुना काढल्यापासून तीन-चार आठवडे जाऊ द्यायचे आणि मगच अंडी उबवायला ठेवायची.

तुरेवाला

यात कोंबडीही काही गरीब गाय नाही हं. उतरंडीत खालच्या कोंबड्याने जबरदस्ती केली तर ती त्याचं बीज बऱ्याचदा बाहेर टाकून देते, असं मोकळ्या वाढलेल्या कोंबड्यांवरच्या अभ्यासात २००० साली नोंदवलं गेलंय.

पहिलटकरीण (पाच आठवड्यांनी)

मान खाली घालून लिहितेय.

राजाने मला फोडलं. परवा सकाळी पाण्याचं भांडं ठेवायला वाकले आणि पोटरीवर मागून धाड! वळले तर एक पंख खाली टाकून तिरका तिरका चालत होता, जसा कोंबडीभोवती फिरतो तसा. मला वाटलं खेळतोय. दुसऱ्या उडीत सलवार फाटली. काल शेजारचा छोटा जाळीपाशी आला तर जाळीवर झेप. गुडघ्याइतक्या पोराचं तोंड कोंबड्याच्या उडीच्या उंचीवर येतं हे मला त्या क्षणी समजलं आणि हातपाय गार पडले. आजी, तुम्ही म्हणाला होतात.

घारनजर

माझी चूक झाली. एका कोंबड्यावरून सांगायला नको होतं.

राखणदार

तो तिरका नाच म्हणजे तुम्हाला दिलेलं आव्हान. लाथ मारू नका, त्याला ती लढाईच वाटते आणि तो जास्त जोराने येतो. पळूही नका, तो जिंकला असं होतं. त्याच्या दिशेने सावकाश चालत जा, तो बाजूला होईपर्यंत थांबू नका. बादली नाहीतर पाटी पुढे धरा. पुन्हा आला तर पंख दाबून काखेत उचला, आणि तो अंग सैल सोडेपर्यंत पाच-दहा मिनिटं तसाच घेऊन फिरा. काहींना यानं अक्कल येते. पण ज्या घरात लहान मूल येतं-जातं तिथे मी या प्रयोगात महिने घालवणार नाही. डोळा एकच क्षण मागतो. आणि असल्या कोंबड्याची पिल्लंही काढू नयेत, स्वभाव बऱ्याचदा उतरतो.

आजीचं_खुराडं

खाली मान घालू नकोस, प्रत्येकाचा एक राजा होतो. माझा गुलाब होता. अजून घोट्यावर खूण आहे.

पहिलटकरीण

राजा आज वेगळा केला. गप्प्याला कोंबड्यांत कसा सोडू? पाच आठवडे तो त्यांना दिसलेला नाही. भुऱ्या एका ओळखीच्यांकडे जातोय, त्यांच्याकडे पंधरा-वीस कोंबड्या आहेत आणि कोंबडा मेलाय.

राखणदार

त्यांना सांगा, आल्यावर महिनाभर वेगळा ठेवा. ठणठणीत दिसणारा पक्षीही आजार घेऊन येऊ शकतो.

गप्प्या तुमच्याच घरातला, त्यामुळे तेवढं नको. आठवडाभर मधे जाळी ठेवा, दोन्हीकडे खाद्याची भांडी जाळीला टेकवून. शेजारी शेजारी बिनतक्रार खायला लागले की संध्याकाळी एक तास मोकळा सोडा, मग रात्री दांडीवर बसवा. खाद्याची भांडी दोन करा, एकमेकांपासून लांब. आवारात एक ओंडका, एखादं पालथं खोकं, आडोसा होईल असं काहीतरी ठेवा. मोकळ्या चौकोनी जागेत कोंबडीला नजरेआड व्हायला कोपराच नसतो, पळून पळून ती परत त्याच्याचसमोर येते.

पाच कोंबड्यांवर एक कोंबडा हेही कमीच. एखादी त्याची आवडती ठरेल आणि तिचीच पाठ जाईल. दर रविवारी पाचही पाठींवरून हात फिरवा. पाठ जायला लागली की त्याला काही दिवस वेगळा ठेवा, किंवा कोंबड्या वाढवा. वाढवायच्या तर एकटी आणू नका, दोन-तीन एकदम. एकटीला सगळ्या मिळून टोचतात.

पहिलटकरीण (अडीच महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण कुणीतरी पुढे काय झालं विचारलं होतं.

राजालाही जागा मिळाली, नुसत्या नरांचीच झुंड ठेवणाऱ्या एकांकडे, माणसांपासून लांब. स्वभाव स्पष्ट सांगून दिला. मी त्या दिवशी रडले, हे इथे लिहायला हरकत नाही.

गप्प्याने पहिले आठ दिवस मारच खाल्ला. चांदणीने त्याला तुऱ्यावर दोनदा रक्त येईपर्यंत हाणलं. मी घाबरून त्याला उचलणार होते, मग राखणदारांची लंगडी म्हातारी आठवली आणि हात मागे घेतला. टुक टुक पहिल्यांदा ऐकलं ते महिन्याने. झुरळ सापडलं होतं त्याला. उचललं, टाकलं, उचललं, टाकलं, तोवर झुरळ निम्मं चालत पुढे गेलं, आणि चांदणीने ते लांबूनच येऊन गट्टम केलं. तो नुसता बघत राहिला.

तिच्या पाठीवर मधोमध नव्या पिसांच्या निळसर खुंट्या आल्यात, कडेची जागा अजून बोडकीच. टाकेताई म्हणाल्या तसंच, मोडलेली पिसं तिथेच असणार. पाचही जणी अंड्यावर आल्यात. एक खुडूक होऊन अंडी उबवायला बसलीय आणि खोक्यातून हलायला तयार नाही. तिच्याखाली अंडी ठेवायची की नाही याचा निर्णय होत नाहीये. ठेवली तर निम्मे पुन्हा कोंबडेच निघणार ना?

आणि हो, राजा गेला त्याच्या दुसऱ्याच पहाटे गप्प्या आरवला. एवढे महिने ब्र काढला नव्हता त्याने.

आजीचं_खुराडं

निम्मे निघणारच. ठेवायच्या आधी त्यांची सोय बघून ठेव, नाहीतर तिच्याखालची अंडी रोज उचलत जा आणि तिला चार दिवस थंड, उजेडाच्या जागी जाळीच्या पिंजऱ्यात ठेव. उतरेल.

निद्रानाश

किती वाजता आरवला?

पहिलटकरीण

पावणेपाच.

निद्रानाश

आमच्या पलीकडचा सव्वाचार. तुमचा बरा आहे.